पॅरिसला आई-बाबांना नेताना

दर वर्षी मार्च-एप्रिल उजाडला की मंडळातल्या कुणाचा तरी फोन येतो. "अगं, आई-बाबा येतायत जूनमध्ये. तीन दिवसांत पॅरिस होतं ना?" लंडनहून पॅरिस गाडीने जेमतेम सव्वादोन-अडीच तासांवर. त्यामुळे इकडे आलेल्या बहुतेक आई-बाबांच्या नशिबी पॅरिस लिहिलेलंच असतं. आणि हा फोन मला येतो, कारण मी आई-बाबांना पॅरिसला दोनदा नेलं आहे. पहिल्यांदा २०१८ मध्ये, अत्यंत वाईट पद्धतीने. दुसऱ्यांदा यंदाच्या मे महिन्यात, जरा बऱ्या पद्धतीने. फोनवर मी दर वेळी अर्धा तास तेच तेच सांगते. या वेळी म्हटलं, लिहूनच काढावं.

आधी व्हिसाचं, कारण तिथेच निम्म्या सहली बुडतात. ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, आणि "इकडे आल्यावर काढू" हे डोक्यातून काढून टाका. पाहुणा म्हणून थोडे दिवस इकडे आलेल्यांचा अर्ज इथे सहसा घेत नाहीत, तो भारतातूनच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी असतो! ब्रिटनच्या व्हिसासाठी तो अडकला असेल तेव्हा शेंगेनचं काम थांबतं. म्हणून जूनचा बेत असेल तर जानेवारीतच हालचाल सुरू करा. शेंगेनला प्रवास विमाही लागतो, किमान ३०,००० युरोचा. बँकेची कागदपत्रं वगैरे आपल्या लोकांना सांगावी लागत नाहीत, ती आपण गरजेपेक्षा जास्तच जोडतो.

सामानाबद्दल एकच. ब्रिटनमधून युरोपात जाताना दुधा-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, श्रीखंड, पनीर घरीच ठेवा. तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, दाण्याची चटणी खुशाल न्या.

आता २०१८ची गोष्ट. मी ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर. तीन दिवसांची एक्सेल शीट केली होती, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडून. सगळ्यांना एकेक प्रत छापून दिली. लूव्र दीड तास, नोत्र-दाम बाहेरून वीस मिनिटं, मोंमार्त्र एक तास. बाबा तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे. गुडघा दुखतो हे मला माहीत होतं, पण "चालेल गं, मी सावकाश येतो" या त्यांच्या वाक्यावर मी विश्वास ठेवला. आपल्या वडिलांच्या पिढीच्या "चालेल"वर कधीही विश्वास ठेवू नका.

पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि बरीचशी स्टेशनं त्याच काळातली, म्हणजे लिफ्टच्या आधीच्या दुनियेतली आहेत. संपूर्ण मार्गावर व्हीलचेअर नेता येईल अशी जुन्या शहरातली एकच लाइन, १४ नंबरची. बाकी ठिकाणी जिने. खाली उतरायचं, मग बोगद्यातून चालायचं, मध्येच आठ पायऱ्या वर, परत बारा पायऱ्या खाली. नकाशावर "एकदाच गाडी बदलायची" असं दिसतं ते शातले स्टेशनात प्रत्यक्ष दहा मिनिटांचं चालणं असतं.

त्या शातलेलाच झालं. एक नंबरच्या लाइनची गाडी आली, मी, नवरा, लेक आणि आई आत चढलो. बाबा चार पावलं मागे होते. शिटी झाली, दरवाजे मिटले. ती लाइन विनाचालक चालते, कुणाला थांब म्हणणार? काचेपलीकडे बाबा हात वर करून उभे होते, आणि गाडी निघाली.

आम्ही पुढच्या स्टेशनवर उतरलो, उलट गाडी पकडून परत आलो. बाबा नाहीत. त्यांच्याकडे भारतातला फोन, तो इथे लागत नव्हता. आई प्लॅटफॉर्मवरच्या खुर्चीवर बसून फक्त "त्यांनी सकाळची गोळी घेतली का गं?" एवढंच विचारत होती. बाबांना मधुमेह आहे. नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, स्टेशनच्या कर्मचाऱ्यांना माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये समजावतेय. सव्वा तास. शेवटी नवऱ्याच्या डोक्यात आलं, यादीवर पुढचं काय होतं? आर्क द त्रिओंफ. आम्ही एत्वाल स्टेशनला गेलो, तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला बाबा बसलेले, हातात माझी ती छापील शीट. म्हणाले, "म्हटलं, कितीही फिरलात तरी शेवटी इथंच येणार. यादीवर पुढचं हेच होतं."

त्या शीटवर प्रत्येक ठिकाणची वेळ होती. माझा फोन नंबर नव्हता. हॉटेलचा पत्ताही नव्हता.

म्हणून माझा पहिला सल्ला. प्रत्येकाच्या खिशात एक कागद हवा, मोबाइलमध्ये नव्हे, खिशात. त्यावर हॉटेलचं नाव-पत्ता, तुमचा नंबर देशाच्या कोडसकट, आणि औषधांची नावं. दुसरं, निघण्याआधी नियम ठरवा: जो मागे राहील त्याने जागचं हलायचं नाही, जे पुढे गेले त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. हा नियम लहान मुलांना आपण सांगतो. आई-बाबांना सांगायला संकोच वाटतो. मला वाटला होता. आणखी एक, ११२ हा आणीबाणीचा नंबर संपूर्ण युरोपात चालतो, तोही त्याच कागदावर लिहा.

तिसरं म्हणजे, मेट्रो सोडा आणि बस धरा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! पॅरिसच्या बसगाड्या जमिनीलगत असतात, पायरी नाही, आणि खिडकीतून शहर दिसतं. ६९ नंबरची बस तर फुकटात मिळालेली टूरच समजा. आयफेल टॉवरपासच्या शाँ द मार्सवरून निघते आणि ओर्से संग्रहालय, लूव्र, बास्तीय असं करत शहराच्या पूर्व टोकाला जाते. जानेवारी २०२५ पासून तिकिटांची रचना बदलली आहे. २०२५ मध्ये मेट्रोचं तिकीट अडीच युरो होतं, बसचं दोन, आणि एकाचं दुसऱ्यावर चालत नाही. कागदी तिकिटांची जुनी पुडकी आता मिळत नाहीत, नाविगो इझी नावाचं कार्ड घ्यायचं, दोन युरोला मिळतं. माणशी एक कार्ड. एकाच कार्डावर दोघांना आत घेण्याची युक्ती आपल्या डोक्यात लगेच येते, ती करू नका, तपासनीस उभे असतात. आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असाच असतो, गुरुवारी पोहोचणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

शहराची रचना समजली की भीती निम्मी होते. पॅरिसचे वीस विभाग आहेत, आणि ते आपल्या चकलीसारखे मांडलेले आहेत. मधोमध लूव्रपाशी एक नंबर, तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसे घेत बाहेर वीस नंबर. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभागाचा नंबर. हॉटेल शोधताना चकलीच्या आतल्या वळशात शोधा. दहा-वीस युरो वाचवायला बाहेरच्या वळशात गेलात तर दुपारी खोलीवर येऊन तासभर पडणं जमत नाही, आणि ज्येष्ठांच्या सहलीत त्या तासाला पर्याय नाही. खोली घेताना लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्या. पॅरिसमध्ये "पहिला मजला" म्हणजे आपल्यासारखाच, तळमजल्याच्या वरचा.

मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर हे पांढरं शुभ्र चर्च आहे. खालून दोनशे बावीस पायऱ्या, पण शेजारीच दोरावरची छोटी गाडी आहे, मेट्रोच्याच तिकिटावर. त्या पायऱ्यांच्या तळाशी काही तरुण हातात रंगीत दोरे घेऊन उभे असतात. आता तुम्हीच सांगा, देवस्थानाच्या पायथ्याशी कुणी मनगटाला दोरा बांधायला आलं तर आपली आई काय करणार? तिने उजवा हात पुढे केला. वर नमस्कारही केला. त्याने झरझर गाठ मारली आणि वीस युरो मागितले. बाबांनी पाच देऊन सुटका करून घेतली. आईला फसवलं गेल्याचं फार वाईट वाटलं, पण दोरा काही तिने तोडला नाही. "देवाच्या दारात बांधलाय," म्हणून पुण्याला घेऊन गेली. तर, तिथून जाताना हात खिशात ठेवा आणि थांबू नका. सह्यांचे कागद घेऊन येणाऱ्या मुली, "तुमची अंगठी पडली का" विचारणारे, तीन वाट्यांखाली गोटी फिरवणारे, ही सगळी त्याच गावची मंडळी. मंगळसूत्र, पाटल्या लंडनलाच ठेवा. पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाकिटात, आणि त्याची छायाप्रत वेगळ्या बॅगेत.

खाण्याचं सांगते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात. पॅरिसमध्ये जेवणाला वेळ असते. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी साडेसातच्या पुढे. आपण तीन वाजता भुकेले होऊन जातो तेव्हा स्वयंपाकघर बंद असतं आणि वेटर तोंड वाकडं करतो, मग आपण म्हणतो फ्रेंच लोक उद्धट. ते उद्धट नाहीत. दुकानात, हॉटेलात, बसमध्ये शिरताना आधी "बोंजूर" म्हणा, मग काय हवं ते विचारा. आपल्या गावी वाण्याच्या दुकानात कुणी "राम राम" न म्हणता सरळ "साखर द्या" म्हटलं तर कसं वाटेल, तसंच आहे ते. आईने हा शब्द असा पकडला की यंदा ती बसच्या ड्रायव्हरलाही बोंजूर म्हणत होती आणि तेही हसून परत म्हणत होते. पाणी विकत घेऊ नका. "कराफ द'ओ" म्हणा, नळाचं पाणी जगभरून फुकट आणून देतात. ते उत्तम असतं.

शाकाहारी मंडळींनी नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, मासे चालतील असं काहींना वाटतं. "सां व्यांद, सां प्वासों" म्हणजे मांस नको, मासे नकोत. कांद्याचं प्रसिद्ध सूप बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या पाण्यात करतात, ते टाळा. भरवशाचा पदार्थ म्हणजे गालेत. कुट्टूच्या पिठाचं मोठं धिरडंच ते, आत चीज आणि मशरूम सांगा. आईच्या मते "पीठ आंबवलं असतं तर अजून हलकं झालं असतं", पण दोन खाल्ली. मारे भागात रोझिए रस्त्यावर फलाफल छान मिळतं, मात्र ती ज्यू वस्ती आहे, शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी बरीच दुकानं बंद असतात. आणि अगदी भाताची आठवण झाली तर गार द्यू नोर, म्हणजे लंडनची गाडी थांबते तेच स्टेशन, तिथून ला शापेलकडे चालत जा. श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची वस्ती आहे, डोसा, इडली, सांबार सगळं मिळतं. तिथेच पाजोल रस्त्यावर गणपतीचं देऊळ आहे, १९८५ मध्ये स्थापन झालेलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांचा रथ निघतो तेव्हा पॅरिसच्या रस्त्यावर नारळांचे ढीग फोडतात. यंदा आम्ही मे महिन्यात होतो, त्यामुळे नुसतं दर्शन झालं. आई म्हणाली, "आरती वेगळी आहे, पण उदबत्तीचा वास तोच."

स्वच्छतागृहांबद्दल कुठल्याच पुस्तकात धड लिहीत नाहीत. रस्त्यात करड्या रंगाच्या स्वयंचलित खोल्या असतात, फुकट. एक माणूस बाहेर आला की दार मिटून आतली सगळी खोली पाण्याने धुतली जाते, मग हिरवा दिवा लागतो. आधीच्या माणसाने सौजन्याने दार धरून ठेवलं तरी आत शिरू नका, अंघोळ होईल! दर दोन तासांनी कॅफेत बसा, उभ्याने काउंटरवर घेतलेली कॉफी स्वस्त पडते, पण ज्येष्ठांना बसवा. तेवढे पैसे खर्च करा.

लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर आई-बाबांना ओर्सेला न्या, असं माझं स्पष्ट मत आहे. लूव्रमध्ये २०१८ साली आम्ही दीड तास गर्दीतून ढकलत जाऊन ७७ बाय ५३ सेंटिमीटरची मोनालिसा माणसांच्या डोक्यांवरून पाहिली. बाबा म्हणाले, "फोटोत बरी दिसते." ओर्से मुळात रेल्वे स्टेशन होतं, १९००च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं, १९८६ मध्ये संग्रहालय झालं. जन्मभर कारखान्यात काढलेल्या माणसाला चित्रांआधी ते लोखंडी छतच दिसलं आणि ते अर्धा तास तेच बघत राहिले. दोन्ही संग्रहालयं ओळखपत्रावर व्हीलचेअर फुकट देतात. बाबांनी ती घेतली नाही, तो विषय सोडून देऊ.

नोत्र-दाम मात्र मनाला लागून राहिलं. २०१८ मध्ये रांग लांब होती, यादीत वीस मिनिटं होती. आई म्हणाली, "आत जाऊ या ना." मी म्हटलं, "पुढच्या वेळी." १५ एप्रिल २०१९ला पुण्याहून बाबांचा फोन आला, "टीव्ही लाव." मनोरा कोसळताना आम्ही दोन देशांत बसून एकाच वेळी पाहिला. ८ डिसेंबर २०२४ला ते पुन्हा उघडलं. यंदा पहिल्याच सकाळी गेलो. प्रवेश फुकट आहे, कुणी तिकीट विकत असेल तर तो ठग समजा. आतला दगड इतका उजळ दिसतो की जुनी इमारत वाटत नाही. आई बराच वेळ बसून राहिली, आणि मी घड्याळ पाहिलं नाही.

आयफेल टॉवरसाठी लिफ्टची तिकिटं साधारण दोन महिने आधी ऑनलाइन सुटतात, तेव्हाच घ्या. वर जायचंच नसेल तरी बिघडत नाही. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं तो लुकलुकतो, ते समोरच्या त्रोकादेरोवरून किंवा सेन नदीतल्या बोटीतून पाहा. जूनमध्ये अंधारच दहाला पडतो, म्हणून त्या दिवशी दुपारी झोप हवीच.

आता मूळ कारण, ज्यासाठी आम्ही दुसऱ्यांदा गेलो. २०१८ला परतीच्या गाडीत बाबांनी ती शीट घडी करून खिशात ठेवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "जेआरडी पॅरिसलाच आहेत ना?" बाबा पिंपरीच्या टेल्कोत एकतीस वर्षं होते. जेआरडी टाटा १९०४ मध्ये पॅरिसमध्ये जन्मले, आई फ्रेंच, १९९३ मध्ये जिनिव्हात गेले आणि त्यांना पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत पुरलं. हे मला माहीत नव्हतं, बाबांना माहीत होतं. तीन दिवस खिशात माझी यादी घेऊन फिरताना ते काही बोलले नव्हते. मी विचारलंच नव्हतं की तुम्हाला काय पाहायचंय. गाडी तोवर समुद्राखालच्या बोगद्यात शिरली होती.

मध्ये सात वर्षं गेली. करोना आला, बाबांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. यंदा चार दिवस, दिवसाला एकच ठिकाण, आणि तिसरा दिवस बाबांचा.

पेर लाशेझ चढावर आहे, चव्वेचाळीस हेक्टर, आणि वाटा दगडी गोट्यांच्या. युक्ती अशी की ६९ नंबरच्या बसने थेट वरच्या टोकाला, गांबेताला उतरायचं, त्या दाराने आत जायचं आणि उतारावरून खाली मुख्य दाराशी यायचं. नकाशा आधीच छापून घ्या. तिथे लोक शोपँ, ऑस्कर वाइल्ड, जिम मॉरिसन यांच्या कबरी शोधत फिरतात, त्यांच्या वाटा सापडतात. आम्हाला हवी ती सापडायला तासभर लागला. बाबा दोनदा बाकावर बसले. मी म्हटलं, परत जाऊ या का? "बस जरा," म्हणाले.

सापडल्यावर बाबांनी बूट काढायला सुरुवात केली. लेक म्हणाली, "आजोबा, इथे काढायची गरज नसते." ते म्हणाले, "असू दे." मोज्यांवर उभे राहिले. आईने पर्समधून दोन पारले-जीचे पुडे काढले आणि काय करायचं ते न सुचून परत आत ठेवले. बाबांनी त्यांना एकदाच, कारखान्यात, लांबून पाहिलं होतं. ते लेकीला सांगत होते की तेव्हा त्यांचा शर्ट नवा होता आणि त्यावर ग्रीसचा डाग पडला म्हणून ते मागच्या रांगेत उभे राहिले होते. ही गोष्ट मी पन्नाशीला आले तरी ऐकली नव्हती.

दफनभूमी संध्याकाळी सहाला बंद होते, आणि त्याआधी रखवालदार घंटा वाजवत फिरतात. ती वाजायला लागल्यावर बाबांनी बूट घातले, माझ्या खांद्याला धरून. उतारावर आई माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "ते दिवा-बिवा लागणारं कुठे दिसतंय का बघ आधी."